तूट कुणाच्या घरी जाते?




गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. असरची नमाज होऊन थोडा वेळ झाला होता, पाऊस नुकताच थांबला होता आणि आम्ही तपासायच्या वह्या घेऊन बसलो होतो. दारात कोंढव्यातले एक ओळखीचे बेकरीवाले भाई येऊन उभे राहिले. मागे त्यांची मुलगी. मुलगी आमची माजी विद्यार्थिनी. आठवीत असताना ‘ळ’ आणि ‘ण’ या दोन अक्षरांवर तिची गाडी हमखास अडायची. उर्दू माध्यमातल्या बहुतेक मुलांची अडते. पण हिने हट्टाने मराठी धरली. दहावीत मराठीत वर्गात पहिली आली आणि पुढे मराठी हाच विषय घेऊन बी. ए. झाली, तेही प्रथम श्रेणीत. नाव मुद्दाम देत नाही. आपल्या घरांतून अशा मुली आता बऱ्याच आहेत.

तिने घराजवळच्या एका महाविद्यालयात एम. ए. मराठीला प्रवेश घेतला होता. फीचा पहिला हप्ता भरला होता, वह्याही आणल्या होत्या. ऑगस्टमध्ये महाविद्यालयातून फोन आला. सातच विद्यार्थी आले आहेत, एवढ्यांसाठी वर्ग चालवणे परवडत नाही, तेव्हा यंदा वर्ग सुरू होणार नाही. फी परत मिळेल, कागदपत्रे घेऊन जा. तोवर दुसरीकडच्या प्रवेशाच्या तारखा निघून गेल्या होत्या.

भाई खुर्चीत बसले, पण पाण्याच्या पेल्याला हात लावला नाही. म्हणाले, “सर, पोरगी पास झाली, पैसे भरले, आणि कॉलेज म्हणतं वर्गच नाही. दुकानात गिऱ्हाईक कमी आलं म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाला आम्ही माघारी पाठवतो का?”

आम्हांला उत्तर सुचले नाही. मुलगी खाली मान घालून बसली होती. निघताना दारात हळूच म्हणाली, “सर, घरात दोन स्थळांचं बोलणं चाललंय. वर्ग सुरू झाला असता तर अब्बू दोन वर्षं थांबणार होते.”

एका बंद पडलेल्या वर्गाची खरी किंमत ही अशी असते. महाविद्यालयाच्या हिशेबात सात विद्यार्थ्यांची फी वजा झाली आणि पगाराचा खर्च वाचला. कोंढव्यातल्या एका घरात मात्र दोन वर्षे वजा झाली. भाईंच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या दिवसापासून शोधत आहोत. जेवढे हाती लागले ते या महिन्याच्या सदरात मांडतो.

सुरुवात आपल्या विद्यापीठापासून करू. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले, तेव्हा त्याचा पसारा त्या वेळच्या मुंबई प्रांतातल्या बारा जिल्ह्यांत होता. महाविद्यालये होती अवघी १८ आणि विद्यार्थी आठ हजारांच्या थोडे वर. पुढे कोल्हापूरला १९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघाले, जळगावला १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. वैद्यकीय महाविद्यालये १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेली. आज पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे या विद्यापीठाकडे आहेत. २०१४ साली त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले.

अशा सरकारी विद्यापीठाचा पैसा येतो कुठून? राज्य सरकार मंजूर जागांवरच्या प्राध्यापकांचा आणि कर्मचाऱ्यांचा पगार देते. काही योजनांचे पैसे केंद्राकडून येतात. बाकीचे विद्यापीठाने स्वतः उभे करायचे असतात. त्यात महत्त्वाचा वाटा असतो संलग्न महाविद्यालयांकडून येणाऱ्या शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा. म्हणजे आपली मुले कॅम्पातल्या किंवा हडपसरच्या महाविद्यालयात परीक्षेचा अर्ज भरतात, त्या पैशाचा काही भाग गणेशखिंडीत जातो आणि तिथले प्रयोगशाळेचे दिवे, ग्रंथालयाची पुस्तके, कंत्राटी शिक्षकांचे मानधन त्यातून निघते.

या झऱ्याचे पाणी आता दोन्ही बाजूंनी आटू लागले आहे. फर्ग्युसनसारखी मोठी महाविद्यालये स्वायत्त झाली, ती आपल्या परीक्षा आपणच घेतात. कोथरूडच्या एमआयटीने तर २०१७ मध्ये स्वतःचे खासगी विद्यापीठच केले. पुण्याच्या चारही दिशांना आता खासगी आणि अभिमत विद्यापीठे उभी आहेत. ज्यांच्या खिशात पैसा आहे त्यांची मुले तिकडे जातात. ज्यांच्या खिशात नाही त्यांची मुले बारावीनंतर लवकर कमाई व्हावी म्हणून आयटीआय, नर्सिंग नाहीतर दुकान धरतात. काही जण सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची पुस्तके घेऊन बसतात. मधल्या मध्ये बी. ए., एम. ए., बी. एस्सी. यांचे बाक रिकामे होत चालले आहेत.

उत्पन्न कमी, खर्च तेवढाच. अशा वेळी कोणतीही संस्था चारांपैकी एखादा दरवाजा उघडते, बहुधा चारही.

पहिला दरवाजा: जागा भरायच्या नाहीत. प्राध्यापक निवृत्त झाले की खुर्ची रिकामी ठेवायची. सावित्रीबाई फुले विद्यापीठात मंजूर अध्यापक पदांपैकी निम्म्याहून अधिक रिकामी असल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. याचा परिणाम दिसायला वेळ लागतो, पण दिसतो. केंद्र सरकारच्या ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत हे विद्यापीठ २०२४ मध्ये सर्वसाधारण गटात ३७ वे होते, २०२५ मध्ये ते ९१ वर घसरले. विद्यापीठांच्या गटात २३ वरून ५६ वर गेले. या क्रमवारीत किती विद्यार्थ्यांमागे किती कायम शिक्षक आहेत हे मोजले जाते. खुर्च्या रिकाम्या असतील तर गुण कुठून येणार?

दुसरा दरवाजा: कायम माणसाच्या जागी तासावर माणूस घ्यायचा. याला तासिका तत्त्व म्हणतात. आमचा बी. एड.चा एक वर्गमित्र नेट उत्तीर्ण आहे, पीएच. डी. आहे. गेली अनेक वर्षे तो दोन महाविद्यालयांत तासांवर शिकवतो. सुट्टीत पैसे नाहीत, परीक्षेच्या महिन्यात पैसे नाहीत, पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही. तो उत्तम शिकवतो. पण तास संपला की त्याला दुसऱ्या महाविद्यालयाची बस पकडायची असते. वर्गानंतर थांबून शंका विचारणाऱ्या मुलीसाठी तो थांबू शकत नाही. आणि आपल्या मुलींच्या बहुतेक शंका वर्ग रिकामा झाल्यावरच बाहेर येतात, हे आम्ही वीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो.

तिसरा दरवाजा: फी वाढवायची, किंवा नवा अभ्यासक्रम काढायचा तो विनाअनुदानितच काढायचा. त्याच इमारतीत, त्याच बाकांवर एका वर्गाची फी परवडणारी आणि शेजारच्या वर्गाची चौपट, असे चित्र त्यामुळे दिसते.

चौथा दरवाजा: जो वर्ग लहान आहे तो बंद करायचा. यात सगळ्यांत आधी बळी जातात भाषा. मराठी, हिंदी, उर्दू, फारसी, संस्कृत यांना नोकरीच्या बाजारात मोठी बोली लागत नाही, म्हणून त्यांचे वर्ग लहान असतात. वर्ग लहान म्हणून तो तोट्याचा ठरतो आणि तोट्याचा म्हणून बंद होतो.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे समजू नका. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात विद्यार्थी घटले आणि साडेचार कोटी डॉलरची तूट आली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी २८ अभ्यासक्रम बंद करायचे आणि १४३ अध्यापकांच्या जागा कमी करायच्या असे ठरवले. परकीय भाषांच्या विभागावर मोठी कुऱ्हाड पडली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे स्पॅनिश आणि चिनी शिकवण्यापुरते मोजके शिक्षक राहिले. तेही सरकारी विद्यापीठ आहे, आणि ते राज्य अमेरिकेतल्या गरीब राज्यांपैकी एक आहे. श्रीमंत घरातला मुलगा स्पॅनिश शिकायला दुसऱ्या राज्यात जाईल. खाणकामगाराचा मुलगा कुठे जाणार?

सप्टेंबरमध्ये भाई पुन्हा आले, नानकटाईचा पुडा घेऊन. आम्ही त्यांना हे चार दरवाजे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “सर, हे आमच्या धंद्यासारखंच झालं. मैदा महागला की एखादा बेकरीवाला पाव लहान करतो. चार दिवस पैसे वाचतात. पाचव्या दिवशी गिऱ्हाईक समोरच्या दुकानात. मग गल्ला कमी म्हणून पाव आणखी लहान. शेवटी भट्टी विझते. आमच्या अब्बांनी पाव कधी लहान केला नाही. उधारी केली, पण वजन तेच ठेवलं.”

आमच्या चार दरवाज्यांचे सार त्यांनी एका पावात सांगितले. शिक्षक कमी केले की शिकवणे पातळ होते. शिकवणे पातळ झाले की विद्यार्थी दुसरीकडे जातात. विद्यार्थी गेले की तूट वाढते आणि ती भरायला आणखी शिक्षक कमी होतात. कागदावर तूट दर वर्षी भरून निघालेली दिसते. प्रत्यक्षात ती विद्यापीठाच्या दारातून उठून आपल्या घरी येऊन बसते. कुणाकडे वाढलेल्या फीच्या रूपात, कुणाकडे खासगी शिकवणीच्या, कुणाकडे बंद पडलेल्या वर्गाच्या. ज्यांच्या घरातली पहिलीच मुलगी पदवीपर्यंत पोहोचली आहे, त्यांच्याकडे ती सगळ्यांत आधी येते. कारण त्यांच्या घरात शिक्षण थांबवायला एवढेसे निमित्त पुरते.

न्यायाची गोष्ट म्हणून विद्यापीठाची बाजूही सांगितली पाहिजे. कायम जागा भरण्याचा अधिकार एकट्या विद्यापीठाच्या हातात नसतो, त्याला सरकारची मंजुरी लागते. सात विद्यार्थ्यांसाठी दोन शिक्षक ठेवणे छोट्या महाविद्यालयाला खरोखरच जड जाते. पण सातच विद्यार्थी आहेत तर शेजारच्या दोन महाविद्यालयांतले पाच-पाच एकत्र बसवता येतात. आठवड्यातून तीन दिवस इथे आणि तीन दिवस तिथे वर्ग भरवता येतो. हे सगळे जूनमध्ये ठरवता येते, म्हणजे ऑगस्टमध्ये मुलीला घरी पाठवावे लागत नाही. पैसा नसणे हा दोष नव्हे, वेळेवर न सांगणे हा दोष आहे.

कमी विद्यार्थी आणि कमी पैसा यांना घाबरून दार बंद करायचे नसते, याचा धडा याच पुण्याने एकदा दिला आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली हिंगण्याला स्त्रियांचे विद्यापीठ काढले, तेव्हा महाविद्यालयाच्या वर्गात मूठभर मुली होत्या. सरकारची मान्यता नव्हती, अनुदान नव्हते. त्यांची पदवी घेऊन सरकारी नोकरी मिळेल याची खात्री नव्हती. शिकवणे मातृभाषेतून, म्हणून लोक नाके मुरडत. आजच्या हिशेबाने तो वर्ग पहिल्याच वर्षी बंद झाला असता. कर्वे गावोगाव वर्गणी मागत फिरले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे नाव विद्यापीठाला लागले. तरीही हात पसरणे संपले नाही. सत्तरी ओलांडल्यावर कर्वे आफ्रिकेपर्यंत जाऊन मदत गोळा करून आले. कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९५१ साल उजाडले. पस्तीस वर्षे. आज एसएनडीटीचे मुख्यालय मुंबईत आहे, पण कर्वे रस्त्यावर त्याचे आवार आहे आणि त्यात आपल्याही मुली शिकतात.

आपल्या समाजालाही हे नवे नाही. पूना कॉलेज असो की आझम कॅम्पस, समाजाने पदरचे घालून उभ्या केलेल्या या जागा आहेत. तेव्हा विद्यापीठाने काय करावे हे सांगताना आपल्या घरांनी काय करावे हेही सांगितले पाहिजे.

प्रवेश घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. अभ्यासक्रम अनुदानित आहे की विनाअनुदानित? या विषयाला पूर्णवेळ शिक्षक किती आहेत? गेल्या वर्षी हा वर्ग प्रत्यक्ष भरला होता का? उत्तर गुळमुळीत आले तर दुसऱ्या ठिकाणीही अर्ज करून ठेवा. विद्यापीठाच्या आवारातल्या विभागांची प्रवेश परीक्षा वेगळी असते आणि तिचा अर्ज लवकर भरावा लागतो, हे आपल्या घरांत बऱ्याचदा कळतच नाही. वर्ग रद्द झालाच तर फी परत करण्याचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

सवलती माहीत करून घ्या. महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला. त्यानुसार कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटांतल्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन अशा आपल्या कितीतरी जमाती ओबीसी यादीत आहेत. ज्या नाहीत त्यांना ईडब्ल्यूएसचा दाखला काढता येतो. जातीचा दाखला बारावीच्या निकालानंतर नव्हे, अकरावीतच काढा. एम. ए.सारख्या अभ्यासक्रमांना ही माफी लागू नाही आणि संशोधनासाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप तर केंद्राने २०२२-२३ पासून बंदच केली. म्हणून मोहल्ल्यातल्या तालीम कमिट्यांना आमची विनंती आहे. दहावी-बारावीच्या मुलांना वह्या-पुस्तके वाटता, ते चालू ठेवा. त्याबरोबर दर वर्षी एका मुलीची एम. ए.ची फी उचला.

आणि एक काम असे आहे ज्याला पैसा लागत नाही. विद्यापीठाचे अंदाजपत्रक दर वर्षी अधिसभेपुढे येते. कुठला विभाग राहणार, कशावर किती खर्च होणार याची चर्चा तिथे होते. २०१६ च्या कायद्यानुसार या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. पदवी मिळाली म्हणजे मत आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. आम्ही आमच्या शिक्षकांच्या खोलीत विचारले. नऊ पदवीधरांपैकी नोंदणी केलेला एकही निघाला नाही, आणि त्या नऊ जणांत आम्हीही होतो. तक्रार सगळ्यांना आहे, मत कुणाकडे नाही. नोंदणी सुरू झाल्याची जाहिरात निघाली की या सदरात कळवू, इन्शाअल्लाह.

आता त्या मुलीचे. नाताळच्या सुट्टीत भाई, ती आणि आम्ही असे तिघे विद्यापीठात जाऊन आलो. कोंढव्याहून मनपा, मनपाहून विद्यापीठ, अशा दोन बस. भाई पुण्यात जन्मले, पण त्या फाटकातून पहिल्यांदाच आत गेले. वडाच्या सावलीतून चालत आम्ही मुख्य इमारतीपाशी आलो. ही इमारत इंग्रज गव्हर्नरचा पावसाळी बंगला होता. कापसाला सोन्याचा भाव होता तेव्हा, १८६४ साली, काम सुरू झाले. मग भाव कोसळला आणि खर्च अंदाजाच्या पलीकडे गेला. थेट विलायतेच्या पार्लमेंटात त्यावरून टीका झाली. तरी काम पुरे झाले. हे ऐकून भाई हसले. “म्हणजे साहेबाच्या बंगल्यासाठी तूट चालते,” ते म्हणाले, “पोरींच्या वर्गासाठी चालत नाही.”

मराठी विभागात जाऊन तिने प्रवेश परीक्षेची माहिती घेतली, तिथल्या ताईंनी अभ्यासक्रमाची प्रत दाखवली. बाहेर येऊन ती एका बाकावर बसली आणि विषयांची यादी वहीत उतरवू लागली. भाई थोडे लांब उभे होते. आम्ही त्यांना सांगितले की ज्यांचे नाव फाटकावर आहे त्या सावित्रीबाई आजारपणात माहेरी नायगावला होत्या, तेव्हा पुण्यातले काम फातिमा नावाची त्यांची सोबतीण सांभाळत होती. १८५६ सालच्या आपल्या पत्रात सावित्रीबाईंनी तिचा उल्लेख केला आहे. भाई बराच वेळ काही बोलले नाहीत.

परतीच्या बसमध्ये त्यांनी घरी फोन लावला. गर्दीत आम्हांला एवढेच ऐकू आले, “त्या लोकांना सांग, जूनपर्यंत थांबा म्हणावं. थांबणार नसतील तर राहू दे.”

प्रवेश परीक्षेला अजून अवकाश आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी ती आमच्याकडे व्याकरण घेऊन येते. ‘ळ’ आता तिला अडत नाही.